मागाहून जोडलेली माणसं

‘मी माझ्या मुलावर आर्थिकदृष्ट्या पूर्णपणे अवलंबून आहे.’ या वाक्यावर काकूंचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘अरे, दर महिन्याला पेन्शन माझ्या खात्यात येते. कारखान्यातून येऊन दुपारचं तो माझ्याकडे जेवतो. अवलंबून कोण आहे?’’

मी बडोद्यात रावपुऱ्यात बसून भाषांतराची कामं करतो. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, सात-बाराचे उतारे, क्वचित एखादं जुनं मृत्युपत्र. या काकू दांडिया बाजारातल्या, निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर. त्यांचा शाळा सोडल्याचा मराठी दाखला इंग्रजीत करायचा होता, मग नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का. प्रतिज्ञापत्राचा मसुदा एजंटकडून तयारच आला होता. ‘सही करायच्या आधी मला मराठीत वाचायचंय,’ असं त्यांनी मुलाला बजावलं होतं, म्हणून त्याचं मराठी मी करून दिलं होतं.

मुलाची मकरपुऱ्याला फॅक्टरी आहे. २०१९ साली त्याने कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं नागरिकत्व पैसे भरून घेतलं. एकट्याने. सगळ्यांसाठी तेव्हा पैसा नव्हता, आणि अलकापुरीतला एजंट म्हणाला होता, ‘फॅमिली तो पछी पण एड थई जशे.’ फॅमिली काय, मागाहूनही जोडता येईल. तो ‘मागाहून’ आता आलाय. बायको, सोळा वर्षांची मुलगी आणि आई, अशी तीन माणसं त्याच्या नागरिकत्वाला जोडायची आहेत.

पोराने सगळं रीतसर केलंय हे आधी सांगतो. परदेशी नागरिकत्व मिळताच भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढलं. दोन खिशांत दोन पासपोर्ट ठेवून फिरणारेही असतात, त्यातला हा नव्हे. प्रदर्शनाला जर्मनीला जायचं आणि व्हिसाच्या तारखेसाठी महिनाभर ताटकळायचं, याला तो कंटाळला होता. त्याच्या त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. कर्त्या माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःचं नागरिकत्व बदललं, विषय संपला. मला बोलायचंय ते मागाहून जोडल्या जाणाऱ्यांबद्दल, आणि त्यातही त्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दल. तिचं भारतीय नागरिकत्व बापाच्या अर्जाच्या पुरवणीत जावं आणि ते परत मागण्याचा साधा हक्कही तिला नसावा, ही आपल्या कायद्यातली उणीव आहे. ती भरून काढायला हवी.

हा धंदा तसा जुना. सेंट किट्स अँड नेव्हिसने १९८४ साली पैशाच्या बदल्यात नागरिकत्व द्यायला सुरुवात केली, १९९३ मध्ये डॉमिनिका आलं, पुढे अँटिग्वा, ग्रेनाडा, सेंट लुसिया. एकेकाळी ऊस आणि केळी यांवर जगलेल्या, दर काही वर्षांनी वादळात घरादारांची छपरं उडणाऱ्या या बेटांना नागरिकत्व विकून शाळा-रस्ते करावे लागतात, यात त्यांना हिणवण्यासारखं काही नाही. मध्यंतरी बेटांमध्ये आपापसात भाव पाडण्याची चढाओढ लागली. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये चौघांनी बसून ठरवलं की दोन लाख डॉलरच्या खाली कुणी जायचं नाही. सेंट लुसिया नंतर त्यात आलं. आपल्याकडे भाजीबाजारात दलाल एकत्र बसून दर बांधून घेतात, तसंच.

पण मूळ अर्जाचा भाव हा या धंद्याचा एक भाग झाला. मला जास्त बोलकं वाटतं ते माणसं जोडण्याचं दरपत्रक. तान्हं बाळ असेल तर किरकोळ रक्कम. नंतर लग्न झालं तर नवरा किंवा बायकोसाठी त्याच्या कितीतरी पट. आईवडील, मोठी मुलं यांचा हिशेब वेगळा, आणि प्रत्येकाचं तपासणी शुल्क त्यावर. कुटुंब कशाला म्हणायचं हेही देशागणिक बदलतं. तुर्कस्तानात चार लाख डॉलरचं घर घेतलं तर जोडीदार आणि अठरा वर्षांखालची मुलं येतात. आईबाप त्यात बसत नाहीत. बहुतेक कॅरिबियन बेटांवर तिशीपर्यंतची शिकणारी मुलं चालतात, म्हातारे आईबाप चालतात, काही ठिकाणी अविवाहित भाऊबहीणही. अँटिग्वाने तर सहा किंवा जास्त माणसांच्या कुटुंबासाठी वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या निधीचा एक खास पर्याय ठेवलाय. त्यात घरातल्या एकाला वर्षभराचं शिक्षणही मिळतं. आपली एकत्र कुटुंबपद्धती आपल्याकडे मोडीत निघाली आणि तिची कदर अँटिग्वाला झाली, हे वाचून मी एकटाच हसलो होतो.

बडोद्याच्या मराठी माणसाला यात नवं काही वाटू नये. आमचे पूर्वज ज्या सनदांवर इथे स्थिरावले, त्यांत ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ हे शब्द असायचे. वतन एकाला मिळायचं, खायची सगळी पिढी. दत्तक घ्यायचा झाला तर सरकारची मंजुरी लागायची, नजराणा भरावा लागायचा. औरस मूल नाही म्हणून डलहौसीने सातारा आणि नागपूर खालसा केलं, तेव्हा वारस जोडता येणं न येणं म्हणजे काय हे मराठी मुलखाला चांगलंच कळलं. ‘डिपेंडंट ॲडिशन फी’ या शब्दांचं भाषांतर करताना माझ्या हातून एकदा सहज ‘नजराणा’ लिहिलं गेलं होतं. नंतर खोडलं, पण चूक होती असं अजून वाटत नाही.

फरक एवढाच की वतनाच्या वारसाला जमिनीवर पाय ठेवावा लागायचा. अँटिग्वाचा नियम वर्षानुवर्षं असा होता की पहिल्या पाच वर्षांत मिळून पाच दिवस तिथे राहिलं म्हणजे झालं. माणसाचं आणि देशाचं खरं नातं असलं पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५५ मध्येच नोटेबोमच्या खटल्यात म्हटलं होतं. त्या गृहस्थाने दुसरं महायुद्ध सुरू होताच लिश्टेनश्टाइनचं नागरिकत्व घाईघाईने घेतलं होतं. राहत होता ग्वाटेमालात. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपीय न्यायालयानेही माल्टाची योजना बेकायदा ठरवली, नागरिकत्व हा बाजाराचा व्यवहार करता येणार नाही म्हणून. सायप्रसने आपली योजना २०२० मध्येच गुंडाळली होती. वानुआतूच्या नागरिकांची युरोपातली व्हिसामुक्ती आधी स्थगित झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात कायमची गेली. डॉमिनिका आणि वानुआतूवर ब्रिटनने २०२३ च्या जुलैत व्हिसा लावला. मेहुल चोक्सीने २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. ललित मोदींचा वानुआतूचा पासपोर्ट रद्द करायचा आदेश २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या पंतप्रधानांनी दिला. म्हणजे विकत घेतलेलं नागरिकत्व ही दगडावरची रेघ नव्हे. त्याची किंमत तिसऱ्याच कुणाच्या मर्जीवर ठरते. घेणाऱ्याने हा धोका डोळे उघडे ठेवून घेतलेला असतो. मागाहून जोडलेल्या पोरीने कधी घेतला?

आता भारताच्या बाजूने बघू, कारण बेटांचे कायदे बदलणं आपल्या हातात नाही.

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयत्व सुटण्याच्या दोन वाटा इथे महत्त्वाच्या. कलम ८ म्हणजे स्वतः घोषणा करून नागरिकत्व सोडणं. तसं केलं तर त्या व्यक्तीच्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचंही जातं. मात्र सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत मुलाने ‘मला परत भारतीय व्हायचंय’ अशी घोषणा केली की तो पुन्हा भारतीय होतो. अर्ज, मेहेरबानी काही नाही, नुसती घोषणा. कायदा करणाऱ्यांना तेव्हा एवढं भान होतं की बापाने सोडलं म्हणून पोराने कायमचं गमावलं असं होऊ नये.

कलम ९ वेगळं. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की त्या क्षणी भारतीयत्व आपोआप संपतं. या कलमात मुलांबद्दल अक्षर नाही. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचं भारतीयत्व कलम ९ खाली जातं, कलम ८ खाली नाही. त्यामुळे कलम ८ मधली सज्ञान झाल्यावरची ती घोषणेची सोय अशांच्या मुलांना लागू नाही. कायद्याचं वाचन म्हणून ते बरोबर असेल. न्यायालय संसदेने न लिहिलेलं वाक्य वाचू शकत नाही. पण निष्पन्न काय झालं बघा. बेटाचं नागरिकत्व मिळण्यापूर्वी बापाने कार्यालयात जाऊन भारतीयत्व सोडलं असतं तर मुलीला परतीचं दार होतं; आधी बेटाचा कागद हातात आला म्हणून ते दार नाही. आणि वास्तवात हातात काही नसताना आपलं नागरिकत्व आधी सोडणारा कुणी नसतो. सगळे कलम ९ मधूनच जातात.

मग मुलीने ते ‘स्वेच्छेने’ घेतलं असं म्हणायचं का? सोळाव्या वर्षी? याच देशात तिला मोटारगाडी चालवायचा परवाना मिळत नाही, भाडेकरार तिच्या सहीने होत नाही. पण परदेशी पासपोर्ट काढला की नागरिकत्व नियमांनुसार तोच परदेशी नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. बेटांच्या बाजूचा विरोधाभास तर आणखी मजेशीर आहे. अर्जदाराबरोबरच्या साधारण सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पार्श्वभूमी स्वतंत्रपणे तपासतात, तिचे वेगळे पैसे घेतात. म्हणजे गुन्हेगार असू शकण्याइतकी ती मोठी आहे. तुला हे हवंय का, असं विचारण्याइतकी मात्र नाही.

पूर्ण खरं सांगायचं तर परतीची वाट अजिबातच बंद आहे असं नाही. आईबापांपैकी कुणी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, अशा सज्ञान माणसाला सलग बारा महिने भारतात राहून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पण तो अर्ज आहे, मंजूर होईल किंवा पडून राहील. हक्काने घरात शिरणं आणि बेल वाजवून उभं राहणं, यांत फरक आहे.

‘ओसीआय असतं ना!’ हे सगळे म्हणतात. असतं. ये-जा आयुष्यभर मोकळी. पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि काकूंच्या नातीच्या बाबतीत सगळ्यांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ही मुलगी दीड वर्षापासून नीटचा अभ्यास करतेय. सकाळी सहाला कोचिंग, घरी भिंतीवर आवर्तसारणी. तिला इथल्याच बडोदा मेडिकल कॉलेजात जायचंय. सयाजी हॉस्पिटलच्या फाटकावरून रोज जाते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारक भारतीय नागरिकांसाठीच्या जागांना पात्र नाहीत. त्यांना एनआरआयच्या जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ज्यांचं कार्ड त्या तारखेआधीचं आहे त्यांना वगळलं, पण हिचं कार्ड अजून निघायचंय. बापाच्या अर्जाची पुरवणी मंजूर झाली की ही मुलगी आपल्याच देशात परदेशातली म्हणून, परदेशातल्यांच्या फीने रांगेत उभी राहणार. मी तिच्या बापाला हे सांगितलं तेव्हा त्याने एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, एमबीबीएस तर बेटांवरसुद्धा होतं.

याच्या उलट बाजूने जे म्हटलं जातं ते हलक्यात घेण्यासारखं नाही. आईबाप मुलांसाठी सगळंच ठरवतात: भाषा, शाळा, गाव. गायकवाडांच्या मागे आमचे पूर्वज साताऱ्या-पुण्याकडून इथे आले तेव्हा कुणी पोराबाळांना विचारलं होतं? आणि आज मी सेव उसळ मिटक्या मारत खातो, तक्रार नाही. खरं आहे. पण बडोद्याला आल्यामुळे साताऱ्याला परत जायची कुणाला बंदी नव्हती. दुसरं असं की कुटुंब एकत्र राहावं म्हणूनच तर जोडणी असते. बापाचा देश एक आणि मुलांचा दुसरा, यात कसला न्याय? हा मुद्दा तान्ह्या बाळाच्या बाबतीत मला पूर्ण पटतो. आईबाप दोघंही परदेशी नागरिक झालेले असतील तर बडोद्यात जन्मलेलं बाळही भारतीय ठरत नाही, कारण २००४ नंतरच्या नियमाने आईबापांपैकी एक तरी भारतीय लागतो. अशा बाळाला बेटाच्या कागदाला जोडलं नाही तर ते कुठलंच न राहण्याची भीती. तिथे जोडणी हवीच. सोळा वर्षांच्या भारतीय मुलीची गोष्ट तशी नाही. तिला देश आहे.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९, २०२४ मध्ये २,०६,३७८. यातले बहुतेक अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं राबलेले. पैसे भरून बेटांचं नागरिकत्व घेणारे मूठभर. मग मूठभर श्रीमंतांच्या मुलांसाठी कायदा का बदलायचा? एक तर कलम ९ मधली ही उणीव त्या सगळ्यांच्या मुलांना लागू आहे, मूठभरांना नाही. आणि दुसरं, श्रीमंताच्या घरात मूल जन्मलं म्हणून त्याचं मत कमी महत्त्वाचं ठरत नाही. २०२२ च्या जानेवारीत गुजरातेतल्या डिंगुचा गावचं एक चौकोनी कुटुंब चोरवाटेने अमेरिकेत शिरताना कॅनडाच्या सीमेवर बर्फात गोठून गेलं, दोन लहान मुलांसकट. ज्यांच्याकडे पैसा नाही ते मुलांना बर्फातून चालवत नेतात, ज्यांच्याकडे आहे ते अर्जात घालून. दोन्हींची तुलना करण्याचा निर्दयपणा मला करायचा नाही. पण दोन्ही ठिकाणी वाट मोठ्यांनी ठरवलेली असते, एवढं साम्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलांच्या बाबतीत आईबापांचा शब्द शेवटचा नाही, हे सांगायला बडोद्याला कुणाकडून शिकायची गरज नाही. १९०४ साली या संस्थानाने बालविवाह रोखणारा कायदा केला. इथे कायद्याला ‘निबंध’ म्हणायचे. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं झालं, पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड बसायचा. तेव्हाही लोक म्हणत होते, आमचं मूल, आमचा निर्णय. आणि ज्यांनी हे केलं ते सयाजीराव स्वतः मागाहून जोडलेलेच! नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा बारा वर्षांचा. तीन मुलांना आणून प्रत्येकाला विचारलं, इथे कशाला आलास? गोपाळ म्हणाला, राज्य करायला. ही गोष्ट इथे प्रत्येक मराठी घरात सांगतात आणि उत्तराचं कौतुक करतात. मला हल्ली प्रश्नाचं कौतुक वाटतं. कुणीतरी त्या पोराला विचारलं तरी होतं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. कलम ८ मध्ये अज्ञान मुलांसाठी जी घोषणेची सोय १९५५ पासून आहे, तीच कलम ९ ला जोडावी: आईबापांच्या अर्जामुळे ज्याचं भारतीयत्व अज्ञानपणी गेलं, त्याने सज्ञान झाल्यावर वर्षभरात, हवं तर दोन वर्षांत, घोषणा करून आणि दुसरं नागरिकत्व सोडून परत यावं. मधल्या काळात त्याच्या शिक्षणाच्या जागेला धक्का लागू नये. सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींकडून पासपोर्ट परत घेताना आईबापांना बाहेर बसवून अधिकाऱ्याने त्यांच्याशी दहा मिनिटं बोलावं. यात दुहेरी नागरिकत्व येत नाही, की कुणाच्या जाण्याला अडथळा होत नाही. बापाने खुशाल जावं.

काकूंनी प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. घडी करून कापडी पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, ‘‘पेन्शनचा आकडा घालून नवीन करायला सांग त्याला. खोटं मी शाळेतसुद्धा खपवून घेतलं नाही.’’ आकडा घातला तर त्या बहुतेक डिपेंडंट ठरणार नाहीत, हे मी बोललो नाही. त्यांना ते ठाऊक असावं.

बाकीचे कागद दोन दिवसांनी नात घ्यायला आली. पाठीवर दप्तर, कोचिंगला उशीर होत होता. तिच्या नावाचं संमतीपत्र सगळ्यांत वर होतं. तिने दोन्ही पानं उलटून बघितली, खाली बापाची सही, शेजारी आईची जागा, त्याखाली नोटरीचा शिक्का.

‘‘काका, यात मी कुठे सही करायची?’’

मी म्हटलं, यात तुझी सही लागत नाही. तिने मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला, कागद पाकिटात सरकवले आणि पैसे किती झाले ते विचारलं.